परदेशी मदतीचा पैसा खासगी कंपन्यांना द्यावा का?

माधव_क
श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरलं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या देशांनीच ते पाळलं. मग उरलेला पैसा आणायचा कुठून? माझ्या मते खासगी क्षेत्राला टाळून चालणार नाही, फक्त पैसे कामाआधी न देता काम झाल्यावर द्यावेत.

न्यूमोनिया रोखणाऱ्या न्यूमोकोकल लशीचंच बघा. गरीब देश पैसे देऊ शकणार नाहीत म्हणून कंपन्या त्यांच्यासाठी उत्पादन वाढवत नव्हत्या. २००९ मध्ये इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी १.५ अब्ज डॉलरची हमी दिली. लस पुरवली तर सुरुवातीच्या डोसांवर जादा रक्कम मिळणार, पण त्यानंतर एका डोसला ३.५० डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. न्यूमोनियाने मुलं जात होती, त्यांच्यापर्यंत लस पोहोचली. याला मी नफेखोरी म्हणणार नाही.

रेवती
सहमत नाही. ही रक्कम मुख्यतः दोन बड्या कंपन्यांकडे गेली, आणि किंमत अजून खाली यायला हवी असं सीमारहित डॉक्टरांची संघटना वर्षानुवर्षं सांगत होती.

तुम्ही लस सांगितलीत, मी आफ्रिकेतला छोटा देश लेसोथो सांगते. राजधानी मासेरूत जुन्या सरकारी रुग्णालयाच्या जागी खासगी भागीदारीतून नवं उभारलं. सल्लागार जागतिक बँक गटातलीच संस्था. २०११ मध्ये ते सुरू झालं. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने २०१४ मध्ये लिहिलं की देशाच्या आरोग्य खर्चाचा निम्मा वाटा एकटं हे रुग्णालय खातंय. बँकेला तो आकडा मान्य नव्हता, पण २०२१ मध्ये सरकारला करार मोडावाच लागला. डोंगरातल्या दवाखान्यांच्या वाट्याला काय उरलं असेल, याचा विचार केला की राग येतो.

माधव_क
रेवतीताई, करार वाईट होता, मान्य. पण त्या रुग्णालयात मृत्यूचं प्रमाण जुन्यापेक्षा घटलं होतं, तेही सांगायला हवं. दोष करार लिहिणाऱ्यांचा, कल्पनेचा नाही.

तळटीप
केनियातलं एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, राहिलंच की. ब्रिटनच्या मदत खात्याने जवळपास १० लाख पाऊंड दिले, तेवढेच मोबाइल कंपनीने घातले. मूळ हेतू छोटी कर्जं फेडण्याचा होता. चाचणीत लोक एकमेकांनाच पैसे पाठवू लागले, म्हणून २००७ मध्ये त्याच रूपात सेवा आली. दुकानदाराच्या हातात रोकड द्यायची, गावी आईच्या फोनवर मेसेज. अधिकाऱ्यांनी टेबलावर बसून हे आखलं नसतं.

रेवती
तळटीप, ते चांगलंच झालं, वाद नाही. पण तिथे मुळातच गिऱ्हाईक होतं. जिथे गिऱ्हाईकच नाही तिथलं बोला. ओडीआय या ब्रिटिश संस्थेने २०१९ मध्ये हिशेब मांडला: विकास बँकांच्या एका डॉलरमागे सर्वांत गरीब देशांत खासगी पैसा आला अवघा ३७ सेंट. "अब्जांतून सहस्राब्ज", म्हणजे मदतीच्या अब्जावधींतून कित्येक पट खासगी पैसा उभा करायचा, ही विकास बँकांची २०१५ ची घोषणा या आकड्यापुढे टिकत नाही. खासगी पैसा जिथे परतावा दिसतो तिथेच जातो. शौचालयं, प्राथमिक शाळा, दाई यांना सरळ अनुदानच लागतं, आणि नेमकं तेच कापलं जातंय.

माधव_क
तेवढं मान्य: अनुदानाच्या बदल्यात हे नको, त्याच्या जोडीला हवं. आणि असे सगळे करार सही होण्याआधी त्या देशाच्या संसदेपुढे यायला हवेत.