याचिका पुण्यात, बहीण नाशिकला: वकील कुठला नेमायचा आणि फी कशी ठरवायची?

घाटमाथा (प्रश्न)

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका टाकली आहे. समन्स मिळालं, तारीख तीन आठवड्यांवर आलीय. लग्न साताऱ्यात झालं, संसार पुण्यात होता. ती आता मुलाला घेऊन नाशिकला माहेरी आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. तिला नोकरी नाही, नवरा आयटीत आहे.

दोन वकिलांना भेटलो. एक म्हणाले, "आत्ता काही देऊ नका, पोटगीची रक्कम मिळाली की त्यातले पंधरा टक्के द्या." दुसरे म्हणाले, "चारशे अठ्ठ्याण्णव (सासरच्या छळाची फौजदारी तक्रार), घरगुती हिंसाचार, पोटगी, ताबा, सगळं एकदम टाकू, आठवड्यात गुडघ्यावर येतील." दोघांचंही पटलं नाही. वकील पुण्याचा घ्यावा की नाशिकचा? फी कशी ठरवतात? आणि पहिल्या भेटीला काय न्यायचं?

---

बारनिशी

आधी टक्केवारीचं. निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला मनाई आहे. जो वकील पहिल्याच भेटीत स्वतःच्या धंद्याचा नियम मोडायला तयार आहे, त्याच्याकडे तडजोडीची वेळ आली की अडचण होते. मुलाचा खर्च, स्त्रीधन, भेटीचे दिवस हे सगळं बाजूला पडतं आणि एकरकमी आकडा फुगवण्याकडे कल जातो, कारण त्याचा वाटा त्यातच असतो.

वकील कुठला, याचं उत्तर काम कुठे आहे त्यावर ठरतं. शेवटचा एकत्र संसार पुण्यात झाला, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पुण्याच्या कोर्टाला अधिकार आहे. तिथे कैफियत (याचिकेला लेखी उत्तर) द्यायला आणि तारखा सांभाळायला पुण्यात रोज उभा राहणारा वकील हवा. नाशिकचा वकील पुण्याला येऊन-जाऊन करतो म्हणाला, तर प्रत्येक तारखेला प्रवासखर्च लागतो आणि तो नाही आला की तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज पडतो.

पोटगीचं मात्र नाशिकला करता येतं. पूर्वीचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. पत्नी राहते तिथे हा अर्ज चालतो. नाशिकला कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे तो 'ई' पिटिशन (पोटगीच्या अर्जांचा प्रकार) म्हणून नोंदवला जाईल. याला नाशिकचा वकील. किंवा पुण्याच्याच याचिकेत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. तो खर्च नवऱ्याने द्यायचा, वकिलाची फी त्यात धरता येते. बहिणीला उत्पन्न नाही, तेव्हा हा अर्ज कैफियतीबरोबरच जायला हवा. वकिलाने या अर्जाचा विषयच काढला नाही, तर दुसरा बघा.

अख्खी याचिकाच नाशिकला आणायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली मुंबई उच्च न्यायालयात बदली अर्ज करावा लागतो. लहान मूल, उत्पन्न नसणं, अंतर या गोष्टी पत्नीच्या बाजूने धरल्या जातात. पण त्यासाठी उच्च न्यायालयात काम करणारा वकील वेगळा, फी वेगळी. आणि बदली अर्ज नुसता दाखल केला म्हणून पुण्याचं काम थांबत नाही. स्थगिती मिळेपर्यंत पुण्याच्या तारखा चुकवू नका. इथेच बरीच प्रकरणं 'नो डब्ल्यूएस' (कैफियतीशिवाय पुढे) किंवा एकतर्फी होतात. कैफियतीची मुदत ३० दिवस, कारण दाखवून ९० पर्यंत.

---

निशाणी_एक

वर बरोबर लिहिलंय. कौटुंबिक न्यायालयाची एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते: इथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ मुळे वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. परवानगी सहसा मिळते, पण "वकील आहे, मी कशाला येऊ" हे इथे चालत नाही. समुपदेशकाकडे दोघांना बसवतात, तिथे वकील आत येत नाही. त्यामुळे वकिलाला हे आधी विचारा: कुठल्या तारखेला तिने स्वतः यायलाच हवं आणि कुठली तारीख तुम्ही एकटे घ्याल? नाशिकहून लहान मुलाला घेऊन येणाऱ्या बाईसाठी हे फीच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

वकील पारखायचा असेल तर ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) वकिलाच्या नावाने शोधता येतं. पुण्याचं कौटुंबिक न्यायालय निवडून बघा: त्याची किती प्रकरणं तिथे चालू आहेत, पुराव्यापर्यंत किती गेली. तारखा पडण्याचा दोष नेहमी वकिलाचा नसतो, न्यायाधीशाची जागा रिकामी असते, समोरचा मुदत मागतो. पण एकही प्रकरण उलटतपासणीपर्यंत गेलेलं दिसत नसेल तर विचार करा. सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक मागायला लाजू नका, 'महा', आकडा आणि वर्ष अशा स्वरूपात असतो.

---

मुरंबा

फीबद्दल. इथे कोणी आकडा सांगितला तरी उपयोग नाही, पुण्यातच एका इमारतीत दुप्पट-तिप्पट फरक असतो. पद्धत ठरवा. तारखेनुसार फी घेऊ नका; त्यात प्रकरण लांबण्यात वकिलाचा तोटा नसतो. टप्प्यांवर ठरवा: कैफियत आणि अंतरिम अर्ज, अंतरिम अर्जाचा युक्तिवाद, पुरावा आणि उलटतपासणी, अंतिम युक्तिवाद. तडजोड झाली तर संमतीच्या याचिकेचे वेगळे की यातच, हे आधी बोला. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स, नकलांचा खर्च कोणाकडे, ज्युनियर उभा राहिला तरी चालेल का, तेही. सगळं कागदावर, निदान व्हॉट्सॲपवर तरी घ्या, आणि पैसे बँकेतून द्या.

महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे. १९९४ ची शासकीय अधिसूचना आहे. बहिणीच्या अर्जाला 'कोर्ट फी' म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली तर पावती मागा.

आणि पैसे खरंच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. "फुकटचा वकील" म्हणून नाक मुरडतात, पण अंतरिम पोटगीचा अर्ज वेळेत टाकणारा पॅनेलवरचा वकील महागड्या वकिलाच्या न येणाऱ्या ज्युनियरपेक्षा बरा.

---

घाटमाथा

धन्यवाद. कागदपत्रं काय लागतील? आणि मुलाच्या ताब्यासाठी आत्ताच वेगळा अर्ज करावा का? पुढच्या वर्षी तो पाच पूर्ण करेल, मग बापाकडे जातो असं ऐकलं.

---

बारनिशी

पाच झाले की बापाकडे, असं काही नाही. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पुढे मुलाचं हित बघतात: कोणाकडे राहतो, शाळा, घरी कोण असतं. मूल आज तिच्याकडेच आहे, म्हणून ताब्याच्या वेगळ्या याचिकेची घाई नाही. पालक व पाल्य कायद्याखाली बापाला अर्ज करायचा तर मूल जिथे सामान्यतः राहतं तिथे, म्हणजे नाशिकला. पण पुण्यातली घटस्फोटाची याचिका चालू असल्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो तिथेही ताबा किंवा भेट मागू शकतो. त्याचं उत्तर तयार ठेवा. शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या ठेवा. आणि भेट सरसकट नाकारू नका. "पैसे देत नाही, म्हणून मुलाला भेटू देत नाही" हे वाक्य कैफियतीत आलं की नुकसान तिचंच. कोर्ट या दोन गोष्टी एकमेकींना बांधत नाही. दर पंधरा दिवसांनी ठरलेली भेट, सुट्टीचे दिवस, व्हिडिओ कॉलची वेळ असा प्रस्ताव तिच्याकडूनच गेला तर उत्तम.

कागदांमध्ये सगळ्यात वेळ खाणारं एकच आहे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यासाठी तिची सगळी बँक खाती, असतील तर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, दागिने, ठेवी, तिच्या नावचा विमा, आणि महिन्याचा खर्च खरा लिहा. वडिलांनी तिच्या खात्यात टाकलेले पैसे 'उत्पन्न' म्हणून समोरून दाखवले जातात, तेव्हा त्या नोंदींच्या पुढे कारण लिहून ठेवा. दुसऱ्या कोर्टात पोटगीचा अर्ज असेल तर त्याच शपथपत्रात सांगणं बंधनकारक आहे. लपवलं आणि उघड झालं, तर अंतरिम रकमेवरच परिणाम होतो. नवऱ्याचे पगाराचे कागद हाती नसले तरी कंपनीचं नाव, पद, घराच्या कर्जाचा हप्ता, गाडी, पीएफ एवढी माहिती द्या. बाकी कोर्टामार्फत मागवता येतं.

व्हॉट्सॲप, रेकॉर्डिंग असेल तर फोन विकू किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण विचारलं जातं. नुसते स्क्रीनशॉट छापून आणले तर समोरचा वकील आधी तिथेच बोट ठेवतो.

---

तळटीप

"सगळं एकदम टाकू" म्हणणाऱ्यांविषयी. प्रत्येक अर्जाला वेगळं काम असतं. स्त्रीधन परत हवं किंवा घरात राहण्याचा हक्क हवा, तर घरगुती हिंसाचार कायदा उपयोगी. तो नाशिकच्या दंडाधिकाऱ्यांकडे टाकता येतो. नुसती पोटगी हवी असेल तर त्यासाठी दोन-तीन ठिकाणी धावू नका. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वजा होते. फौजदारी तक्रार (तेच चारशे अठ्ठ्याण्णव, आता न्याय संहितेचं कलम ८५) घडलंय तेवढीच करा. पुढे संमतीने मिटलं तरी ती मागे घेणं सोपं नसतं, उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यायला जावं लागतं. दबाव म्हणून टाकलेली तक्रार तडजोडीच्या वेळी सगळ्यात मोठा खोडा होते.

मिटायचं ठरलं तर संमतीच्या याचिकेत पहिल्या आणि दुसऱ्या तारखेमधला सहा महिन्यांचा काळ माफ होऊ शकतो, अमरदीप सिंग निकाल, २०१७. पण पैसे कधी, हे अटींत लिहा. दुसऱ्या तारखेला डीडी हातात आल्यावरच तिने अंतिम संमती द्यावी. मुलाचा पोटगीचा हक्क आईने सोडला असं कलम त्यात आलं तर काढायला लावा, तो हक्क तिचा नाही.

---

निशाणी_एक

एक राहिलं. वकील बदलावा लागला तर जुन्या वकिलाची ना-हरकत घ्या, नाही दिली तर कोर्टाला अर्ज करा. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलंय. त्यापेक्षा सोपं म्हणजे मूळ विवाह प्रमाणपत्र, पासबुकं वकिलाकडे देऊच नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद तारखेला घेऊन जा, आणि दर तारखेनंतर रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) ई-कोर्ट्सवर स्वतः वाचा.

अंतरिम आदेश झाल्यावर पैसे आले नाहीत तर लगेच वसुलीचा अर्ज. कलम १४४ खालची थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत मागावी लागते. "साठू दे, एकदम मागू" म्हणणाऱ्या वकिलामुळे जुने महिने हातचे जातात.