मोकळ्या मैदानावर ४५ मुलं, पाच बिनपगारी प्रशिक्षक: सरावाची घडी कशी बसवावी?

मानेवाडा_पालक

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या ॲथलेटिक्स क्लबमध्ये ८ ते १५ वयाची ४५ मुलं-मुली आहेत. शिकवणारे पाच जण, सगळे स्वयंसेवक. चार पालक आणि एक जण विद्यापीठाकडून ४०० मीटर धावलेला. मैदान मोकळं, साधारण १०० बाय ६० मीटर, अर्धं काळी माती, अर्धं मुरूम. त्याच वेळी फिरायला येणारी मंडळी आणि क्रिकेटवाले असतात. आठवड्यातून तीन सकाळी, दीड-दीड तास. नागपुरातल्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या सिंथेटिक ट्रॅकवर अधूनमधून नेता येईल, पण रोजचा सराव इथेच.

अडचणी अशा. मुलांचा बराच वेळ रांगेत जातो. २०० मीटरचा ट्रॅक नीट आखता येत नाही, दर वेळी अंतर वेगळं येतं. गोळा-भाला लोकांच्या वर्दळीत कसा शिकवायचा, कळत नाही. आणि एप्रिल-मे मध्ये सराव चालू ठेवावा की नाही यावर आमच्यात दोन तट पडलेत. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

शिट्टी_आणि_घड्याळ

आधी रांगेचा हिशेब मांडा, म्हणजे दुखणं कुठे आहे ते दिसेल. लांब उडीच्या एका खड्ड्यावर १५ मुलं. धावत येणं, उडी, बाहेर पडणं, वाळू सारखी करणं, सगळं धरून एका उडीला ४० सेकंद. म्हणजे एक फेरी १० मिनिटांची. २० मिनिटांत एका मुलाला दोन उड्या मिळाल्या आणि साडेअठरा मिनिटं ते उभं राहिलं. मग धक्काबुक्की सुरू होते आणि आपण मुलांच्या शिस्तीला नावं ठेवतो.

उपाय खड्ड्यापाशीच आहे. लहान गटाला खड्ड्याच्या लांब बाजूने उभं करा आणि जागेवरून उडी मारू द्या, एकाच वेळी तिघं-चौघं. खड्डा २.७५ मीटर रुंद असला तर या वयाला ते पुरतं. मोठ्यांना पाच ते सात पावलांच्या धावेवरून उडी द्या, पूर्ण रन-अप महिन्यातून एकदा पुरे. ज्यांची पाळी नाही ते बाजूला लंगडी घालतील, दोन्ही पायांनी उड्या मारतील, दोरीवरच्या उड्या मारतील. उडी घ्यायच्या फळीवर पाय पडावा म्हणून मुलं शेवटच्या तीन पावलांत अडखळतात. त्यासाठी सुरुवातीचे काही महिने फळी विसरा. फक्कीने एक मीटर रुंद पट्टा आखा, त्यात कुठूनही उडी चालेल, आणि पाय जिथून सुटला तिथून टेप धरा.

धावण्याच्या ठिकाणी मात्र रांग कामाची आहे. १५ मुलं, पाच-पाचच्या तीन तुकड्या, ३० मीटर. दर ४५ सेकंदांनी एक तुकडी सोडली की प्रत्येकाला सव्वादोन मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. पूर्ण वेगाच्या धावेनंतर दर १० मीटरला साधारण एक मिनिट, हा मोठ्या वयाच्या गटासाठीचा आडाखा. विश्रांती तोडली की तो वेगाचा सराव राहत नाही, दमवण्याचा होतो, आणि दमलेलं पोर वाईट पद्धत पक्की करतं.

९० मिनिटांची विभागणी: १५ मिनिटं वॉर्म-अप, २० मिनिटांची तीन ठिकाणं (पाणी आणि जागा बदलणं त्यातच), १० मिनिटं रिलेचा खेळ, ५ मिनिटं शांत चालणं आणि स्ट्रेचिंग. वॉर्म-अप म्हणजे मैदानाला तीन चकरा नव्हे. हळू धाव, गुडघे वर, टाचा मागे, पाय झुलवणं, मग ६० टक्के वेगाने दोन धावा. ताणून धरायचं स्ट्रेचिंग शेवटी. आणि उशिरा आला म्हणून चार चकरा, ही शिक्षा बंद करा. ज्या क्लबचं कामच धावणं आहे तिथे धावणं शिक्षा कशी होईल?

गट वयाप्रमाणे: ८ ते १०, ११-१२, १३ ते १५. नव्या पालक-प्रशिक्षकाला सहा आठवडे एकच ठिकाण द्या, मुलं फिरतील. त्याला त्या प्रकारातल्या तीनच गोष्टी नीट बघता आल्या पाहिजेत. धावेला: नजर समोर, हात खांद्यातून मागे, पाऊल शरीराच्या खाली. एका वेळी मुलाला एकच गोष्ट सांगायची. "हात बघ, मान बघ, पाय उचल" असं एका दमात सांगितलं की काहीच सुधारत नाही. तुमचा ४०० मीटरवाला कुठेही बांधून ठेवू नका, तो तिन्ही ठिकाणी फिरून प्रशिक्षकांच्या सूचना दुरुस्त करेल. पाचवा माणूस मोकळा हवाच. पडलेलं मूल, स्वच्छतागृह, उशिरा आलेला, पाणी, हे सगळं त्याचं. मोकळा माणूस नसला की एक गुडघा खरचटतो आणि १५ मुलं वाऱ्यावर राहतात.

फक्की_सुतळी_टेप

२०० मीटरचं बघू. अंतर दर वेळी वेगळं येतं कारण तुम्ही बहुतेक नायलॉनच्या दोरीने वळण आखता. ती ताणते. टेप फायबरग्लास किंवा पोलादी घ्या, ५० मीटरची.

माप असं: दोन सरळ बाजू ५०-५० मीटर, उरलेले १०० मीटर दोन अर्धवर्तुळांत. नुसती रेघ असते तेव्हा पहिल्या लेनचं अंतर रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात. त्यामुळे धावण्याची त्रिज्या १५.९२ मीटर आणि प्रत्यक्ष फक्की मारायची त्रिज्या १५.७२ मीटर.

पहिल्यांदा ५० बाय ३१.४४ मीटरचा आयत टाका. काटकोनासाठी ३-४-५ चा त्रिकोण, पण मोठा घ्या: ९, १२, १५ मीटर. मग दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ५९.०६ मीटर आले पाहिजेत. पाच सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर खुंट्या हलवा, पुढे जाऊ नका. आयताच्या दोन्ही छोट्या बाजूंच्या मध्यावर खुंटी ठोका, तिथून १५.७२ मीटरचं अर्धवर्तुळ फिरवा. या दोन मध्यखुंट्या लोखंडी सळईच्या करा आणि जमिनीच्या खाली दोन बोटं गाडून ठेवा. पुढच्या वेळी अर्ध्या तासात ट्रॅक उभा राहतो.

चार लेन, प्रत्येकी १.२२ मीटर, काढल्या तर एकूण जागा साधारण ९१ बाय ४१ मीटर लागते. तुमच्या मैदानात बसते. पूर्ण फेरी आपापल्या लेनमध्ये असेल तर दुसऱ्या लेनची सुरुवात ७.६७ मीटर पुढे, तिसरीची १५.३३, चौथीची २३ मीटर. ४०० मीटरच्या पक्क्या ट्रॅकवरचा दुसऱ्या लेनचा ७.०४ मीटरचा आकडा इथे लावू नका. तिथे आत कठडा असतो आणि पहिली लेन ३० सेंटिमीटरवर मोजतात.

कळीच्या चुन्याची पूड आखायला कधीच वापरू नका, डोळ्यात गेली तर डोळा जाळते. खडूची किंवा रांगोळीची पूड बरी.

काळ्या मातीचं वेगळं. उन्हाळ्यात भेगा पडतात, पाऊल अडकून घोटा मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती साबणासारखी. टाच दाबून फिरवा. चिखल बुटाला चिकटून वर आला तर त्या दिवशी वेग आणि उड्या बंद. वळणं शक्यतो मुरमाच्या बाजूला घ्या. गडगडाट ऐकू आला की मुलं मैदानाबाहेर पक्क्या इमारतीत, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत यायचं नाही.

गोळाफेक_ताई

वर्दळीच्या मैदानावर थाळी आणि हातोडा जाळीच्या पिंजऱ्याशिवाय शिकवायचा नाही. थाळी हातातून उशिरा सुटली की थेट बाजूला जाते, जिथे रांग उभी असते. गोळा आणि हलका भाला जमेल, पण दोरी लावून.

सेक्टर, म्हणजे फेक ज्या दोन रेघांच्या आत पडायला हवी ती जागा, आखायला कोनमापक लागत नाही. गोळ्यासाठी वर्तुळाच्या मध्यापासून १० मीटरवर दोन रेघांमधलं अंतर ६ मीटर, २० मीटरवर १२ मीटर. भाल्याला २० मीटरवर १० मीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी पाच मीटर सोडून सुतळी बांधा, आणि सर्वांत लांब फेकीच्या पुढे निदान १० मीटर मोकळे ठेवा. फिरणाऱ्यांच्या वाटेकडे पाठ करून फेकायचं. सकाळी भाला पूर्वेकडे नको, उगवत्या उन्हात उडालेला भाला दिसत नाही.

नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. सगळे रेघेच्या मागे, सगळे फेकतील, मग प्रशिक्षकाची शिट्टी, मग सगळे चालत जाऊन आणतील. पळत नाही. भाला उभा धरून आणायचा, आणि जमिनीतून उपसताना मागे कुणी नाही हे बघून. गोळा परत "झेल" म्हणून कुणी फेकला तर त्या दिवशी गोळा बंद.

लहान गटाला लोखंड देऊच नका. एक किलोचा मेडिसिन बॉल छातीपासून दोन्ही हातांनी ढकलणं, डोक्यावरून मागे फेकणं, रबरी भाला. मोठ्यांना वजन गटाप्रमाणे: १८ वर्षांखालच्या मुलांना गोळा ५ किलो, मुलींना ३, भाला ७०० आणि ५०० ग्रॅम. त्याहून लहानांना त्याहून हलका. आपल्याकडचे पोट्टे क्रिकेट खेळून आलेले असतात, गोळाही चेंडूसारखा फेकतात. कोपर खाली आणि पुढे गेलं की गोळा मानेपासून सुटतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं. गोळा जबड्याखाली टेकलेला, कोपर वर, आणि ढकलायचा. हाताला घाम असेल तर आधी पुसायचा, जवळ कोरडं फडकं हवंच.

आणखी एक, कारण कुणी विचारलं नाही तरी ते सांगायलाच हवं. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, असं कधीच राहू देऊ नका: मैदानावर नाही, गाडीवर घरी सोडताना नाही. मुलींच्या गटाजवळ एक बाई असलीच पाहिजे. मुलाला वैयक्तिक मेसेज नाही, पालकांच्या ग्रुपवरच. मूल काही सांगायला लागलं तर ते "घरचं प्रकरण" म्हणून दाबायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक छळाची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

पहाट_साडेपाच

उन्हाळ्याबद्दल. वरचं ९० मिनिटांचं वेळापत्रक चांगलं आहे, पण मे मध्ये ते जसंच्या तसं चालवू नका. नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि संध्याकाळी सहालाही जमीन तापलेलीच असते. संध्याकाळचा पर्याय नाहीच. सिंथेटिक ट्रॅक तर हवेपेक्षा खूप जास्त तापतो. पहाटे साडेपाच ते पावणेसात, दोनच ठिकाणं, लांब पल्ल्याच्या धावा बंद. शाळेला सुट्टी लागली म्हणून सराव वाढवायचा मोह आवरा.

दर १५ मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. प्रत्येकाची स्वतःची बाटली, निदान ७५० मिलिलिटर. उपाशी पोटी येणाऱ्यांना आधी केळं किंवा चार खजूर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं तर पाणी फार खारट होतं आणि त्रास वाढतो.

मूल अडखळत चालायला लागलं, भलतंच बोलायला लागलं, प्रश्नाला उत्तर देईना, तर तो थकवा नव्हे, उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करणं, मग नेणं. बर्फाचा डबा दर सरावाला हवाच.

आणि १० ते १५ वयात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखतं म्हणणाऱ्या मुलाला तेल चोळून परत पळवू नका. उंची भराभर वाढताना स्नायूचा ओढा हाडाच्या वाढत्या टोकावर येतो. उड्या आणि कडक जमिनीवरचा वेग कमी करा. लंगडत असेल किंवा दोन आठवड्यांत उतरलं नाही तर हाडांचे डॉक्टर.

मानेवाडा_पालक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. खड्डा नवीन करायचा तर वाळू किती लागेल? आणि एकाच धावेला तीन पालकांच्या स्टॉपवॉचमध्ये अर्ध्या सेकंदापर्यंत फरक येतो, तो कशाने?

फक्की_सुतळी_टेप

८ बाय २.७५ मीटर, खोली ३० सेंटिमीटर धरली तर ६.६ घनमीटर, म्हणजे सुमारे २.३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). अडीच ब्रास मागवा, दबते. नदीची वाळू घ्या, दगडी चुरी नको, ती घट्ट बसते आणि कातडी सोलते. टाकण्याआधी चाळून खडे काढा. तळाला गिट्टीचा पातळ थर द्या, नाहीतर काळ्या मातीवर पाणी साचून राहतं. रात्री ताडपत्री, कारण कुत्र्या-मांजरांना ती जागा फार आवडते. दर सरावाआधी फावड्याने वीतभर खोल उकरा आणि हाताने काच-खिळा तपासा. वरून दाताळं फिरवलेली वाळू सपाट दिसते पण खाली विटेसारखी असते.

शिट्टी_आणि_घड्याळ

वेळेचं. शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केलं तर १०० मीटरवर आवाज पोचायलाच ०.३ सेकंद लागतात, आणि कुणी आवाजावर, कुणी मुलाची हालचाल बघून बटण दाबतं. लाकडाच्या दोन फळ्यांना बिजागरी लावून क्लॅपर करा, आतली बाजू पांढरी रंगवा, हात डोक्यावर. फळ्या मिटताना दिसल्या की बटण. थांबवायचं ते छाती रेघेवर आली की, डोकं किंवा पाय नाही. वेळ घेणारा रेघेच्या सरळ रेषेत, ट्रॅकपासून पाच मीटर मागे. तीन घड्याळांतली मधली वेळ धरा आणि पुढच्या दशांशात न्या: ९.३२ असेल तर ९.४. वहीत "हाताने घेतलेली वेळ" असं लिहून ठेवा, कारण १०० मीटरला हीच धाव इलेक्ट्रॉनिक घड्याळावर साधारण ०.२४ सेकंद जास्त दाखवते, आणि स्पर्धेत पोरगं हळू धावलं असं वाटून घरच्यांचा चेहरा उतरतो.