हौशी गोल्फ खेळाडूने नवाकोरा आयर्न सेट घ्यावा का? माझं मत : नाही

बंकरवासी

ज्याचा हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १८ च्या वर आहे आणि जो फक्त शनिवार-रविवारी खेळतो, त्याने नव्या आयर्न सेटवर (लोखंडी हेडचे, नंबर घातलेले क्लब; नंबर मोठा तसं अंतर कमी) लाखभर रुपये घालवू नयेत. आठ-दहा वर्षं जुना, धड अवस्थेतला सेट घ्यावा आणि उरलेल्या पैशांत कोच लावावा.

दुकानातल्या सिम्युलेटरवर काय होतं बघा. हातात नवा सात नंबर देतात. तुम्ही मारता, पडद्यावर १५० यार्ड. घरचा जुना सात नंबर जेमतेम १३५ जातो. माणूस तिथेच विरघळतो आणि कार्ड काढतो. पण त्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेस (चेंडूला लागणारी बाजू) मागे किती कललाय तो कोन, किती, हे कोणी विचारत नाही. कोन कमी तसं अंतर जास्त. ऐंशीच्या दशकात सात नंबर साधारण ३५-३६ अंशांचा असायचा. आज 'गेम इम्प्रूव्हमेंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये तो २८ ते ३० अंशांचा असतो. पिंग कंपनीच्या जी४३० मध्ये २९. एकाच कंपनीत बघायचं तर टायटलिस्टच्या २०२३ च्या टी१०० मध्ये सात नंबर ३४ अंशांचा आणि टी३५० मध्ये २९ चा. म्हणजे तुम्ही जुना सहा किंवा पाच नंबर मारताय, फक्त त्यावर ७ कोरलंय. चपलेवरचा नंबर खोडून दुसरा लिहिला म्हणून पाय वाढत नाही.

याची किंमत खाली, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबांत (वेजमध्ये) भरावी लागते. जी४३० चा पिचिंग वेज ४१ अंशांचा आहे. तुमचा सँड वेज ५६ चा असेल तर मध्ये १५ अंशांचं भगदाड. तिथे दोन वेज विकत घ्या. हौशी माणसाचे निम्मे फटके १०० यार्डांच्या आतले असतात आणि नेमकी तिथेच पोकळी!

कोणाला पटत नसेल तर मुद्देसूद लिहा.

लाँचअँगल

मुद्देसूद असहमत.

लॉफ्ट कमी केला म्हणजे फसवणूक, हा समज अर्धवट माहितीतून येतो. नव्या आयर्नमध्ये वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, काहींच्या टोकाशी टंगस्टन असतं, फेस पातळ असतो. गुरुत्वमध्य खाली गेला की तोच स्विंग चेंडूला जास्त उंच उडवतो. अशा हेडला ३५ अंश ठेवले तर चेंडू नुसता वर जाईल, पुढे जाणार नाही. म्हणून लॉफ्ट कमी करावाच लागतो. आकड्याचा खेळ नंतरचा, डिझाइनची गरज आधीची.

सात नंबर किती लांब जातो हा प्रश्नच चुकीचा आहे. तो किती उंचीवरून, कुठल्या कोनात खाली उतरतो ते विचारा. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या स्पर्धांत) सात नंबरचा चेंडू सरासरी ५० अंशांच्या आसपास कोनात उतरतो, स्पिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या आसपास. तुमचा ४५ च्या जवळ उतरत असेल तर लॉफ्ट २९ असो की ३४, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबेल.

आणि आठ-दहा वर्षं जुना सेट घ्या म्हणताय, तर त्या काळचे 'फर्गिव्हिंग' (चुकलेला फटका सांभाळून घेणारे) सेट बघितलेत का? त्यांचे सात नंबरही ३०-३१ अंशांच्या आसपासच आहेत. लॉफ्ट कमी करण्याचं प्रकरण काल सुरू झालेलं नाही. तुमच्या तर्काने जायचं तर सेट तीस-पस्तीस वर्षं जुना हवा.

बंकरवासी

@लाँचअँगल, उतरण्याच्या कोनाचा मुद्दा मान्य. पण ५० अंशांत उतरवणाऱ्या टूरवाल्याचा चेंडू सात नंबरने ताशी १२० मैलांनी निघतो. आपल्यातल्या पन्नाशीच्या माणसाचा ९५-१०० ने निघाला तरी पुष्कळ. त्याने २९ अंशांचा सात नंबर मारला की चेंडू खालून सरपटत जातो, अंतर येतं, पण एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या तव्यासारख्या ग्रीनवर थांबत नाही, मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो. माझं टोपणनाव उगाच नाही.

जुन्या सेटचा माझा हेतू पैसे वाचवणे हा. लॉफ्ट तपासूनच घ्यावा, हे वेगळं सांगायला हवं होतं का?

कर्नल_निवृत्त

तुम्ही दोघंही लोखंडापेक्षा कॉम्प्युटरशी जास्त बोलताय.

मी फोर्ज्ड ब्लेडवर (ठोकून घडवलेल्या, पातळ हेडच्या आयर्नवर) शिकलो. मधोमध लागला तर हाताला कळतच नाही, बाहेर लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. त्या झिणझिण्या हीच शिकवणी. आजच्या जाड बुडाच्या, पोकळ आयर्नमध्ये सगळे फटके सारखेच वाटतात. मग स्विंग सुधारणार कसा? आमच्या छावणीतल्या कोर्सवर ग्रीनच नव्हत्या, तेल मिसळलेल्या वाळूचे 'ब्राऊन' होते. तिथे आम्ही लॉफ्टची चर्चा केली नाही, चेंडू मारला.

लाँचअँगल

कर्नलसाहेब, आदर ठेवून सांगतो, झिणझिण्यांनी कोणी सुधारत नाही. रोज शंभर चेंडू मारणाऱ्याला तो संदेश उपयोगी. आठवड्याला एकदा खेळणाऱ्याला फक्त कोपराचं दुखणं मिळतं.

कार्स्टन सोलहाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते, ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलणं, म्हणजे पटिंग, स्वतःला जमत नाही म्हणून गॅरेजमध्ये पटर बनवायला लागले. त्यातून पिंग उभी राहिली. हेडचं वजन कडेला नेलं तर चुकलेल्या फटक्याला हेड कमी वळतं, हे त्यांनी आधी पटरमध्ये आणि मग आयर्नमध्ये आणलं. १९८२ चा पिंगचा आय २ हा आयर्न सेट निघाला आणि हौशीच काय, व्यावसायिकांनीही तो उचलला. चार दशकं झाली हा वाद मिटून. हौशी माणूस मधोमध मारतच नाही, म्हणून मधोमध न लागलेल्या फटक्याचं काय होतं यावर सेट निवडायचा.

कर्नल_निवृत्त

आय २ माझ्याकडेही होता. तो आजच्या फुगलेल्या हेडच्या मानाने सडपातळच म्हणायचा. आणि तो आज सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतो, म्हणजे बंकरवासींचाच मुद्दा सिद्ध झाला.

मालविका_कोथरूड

सगळे पुरुष 'हौशी खेळाडू' म्हणजे स्वतःच असं धरून चाललेत, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे बाईने खेळायला सुरुवात केली की नवऱ्याचा जुना सेट कापून देतात. फुकटात काम होतं. पण शाफ्ट (क्लबचा दांडा) वरून अर्धा इंच कापला की क्लब हलका लागतो, स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) तीनेक पॉइंटांनी उतरतं आणि उरलेला शाफ्ट आणखी ताठ वाटतो. म्हणजे ज्या हाताला नरम शाफ्ट हवा त्याला कडक मिळतो. डायनॅमिक गोल्डसारखा स्टीलचा शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅफाइट ५५-६० ग्रॅममध्येही येतो. निम्मं वजन. हेड नवं की जुनं यावर इतकी हाणामारी चाललीय आणि शाफ्टबद्दल अजून एक ओळ नाही, याचं नवल वाटलं.

आणि पाच नंबर, सहा नंबर घ्यायचेच कशाला? अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये मैदानातल्या सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांपैकी होती. ग्रीनपर्यंत पोचायला इतरांच्या हातात आयर्न असायचे तिथे तिच्या हातात हायब्रिड (लांबच्या आयर्नऐवजी वापरायचा, मारायला सोपा क्लब). एका फटक्याने पदक हुकलं. माझ्या बॅगेत आयर्न सातपासून सुरू होतात आणि मला काही कमी पडत नाही.

बंकरवासी

मालविकाताई, शाफ्टचं शंभर टक्के मान्य. जुन्या सेटची हीच एक खरी अडचण आहे. तो बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या जोरानुसार 'स्टिफ' (ताठ शाफ्टचा) असतो. शाफ्ट बदलायचा खर्च धरला तर स्वस्ताई संपते.

लाँचअँगल

हे आधी कबूल केलं असतंत तर धागा तिसऱ्या प्रतिसादातच संपला असता :)

न्यूजर्सीकर

इकडे हा वाद होत नाही, कारण कोर्सवर कंपन्यांचे डेमो डे असतात. गवतावर उभं राहून पाच-सहा सेट मारून बघता येतात. जुना सेट दुकानाला देऊन नव्यात पैसे वळते करता येतात. भारतात ती सोय मोजक्या ठिकाणी, म्हणून तुमचे निर्णय चटईवर आणि पडद्यावर होतात. चटईवरचा फटका फसवा असतो. चेंडूच्या आधी जमिनीला लागला तरी क्लबचं बूड चटईवरून घसरतं आणि चेंडू बरा जातो. गवतात तोच फटका वीस यार्डांत संपतो. रुंद बुडाचे आयर्न चटईवर सगळ्यांनाच आवडतात ते त्यामुळेच.

चेंबूरकर_९४

@न्यूजर्सीकर, बुडाबद्दल बरोबर, पण आपल्याकडे ऋतूही बघायला लागतो. पावसाळ्यात फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) ओला असतो, अरुंद बुडाचा ब्लेड मातीत रुततो, तिथे रुंद बूड वाचवतं. मेमध्ये जमीन टणक, गवत विरळ. तेव्हा रुंद बूड आपटून उसळतं आणि धार चेंडूच्या पोटात लागते. वर्षभर एकच सेट दोन्हीकडे चालवायचा तर मध्यम बुडाचा घ्या. कुठलाही जुना कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) हेच सांगेल, आणि तो लॉफ्टही न मोजता सांगेल.

आमच्याकडे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या भिंतीपलीकडच्या गल्ल्यांत कॅडींची पोरं वाकवलेल्या सळईने प्लॅस्टिकचा चेंडू मारत मोठी झाली. एकच सळई, तिनेच चिप, तिनेच पट. त्यांच्यातले काही पुढे उत्तम खेळले. एवढं सांगून थांबतो.

लाँचअँगल

थांबू नका, कारण हा दाखला दर वेळी येतो आणि दर वेळी चुकीच्या जागी. ती पोरं रोज तासन् तास खेळायची. त्यांच्या हाताला जे कळतं ते रविवारच्या मॅनेजरला सात जन्मांत कळणार नाही. कौशल्य कमी तिथे साधन नेमकं लागतं. उलट नाही.

डावखुरा

तुम्ही निवड करताय याचाच हेवा वाटतो. सेकंडहँड बाजारात डाव्या हाताचा सेट मिळाला तर मी लॉफ्ट विचारत नाही, पत्ता विचारतो.

शैलेश_हिंजवडी

सगळ्या आयर्नची लांबी सारखी असते त्या सेटबद्दल कोणी बोललं नाही. अमेरिकन व्यावसायिक ब्रायसन डीशॅम्बो तसल्याच सेटवर, सगळे साडेसदतीस इंचांचे, २०२० आणि २०२४ चा यूएस ओपन जिंकला. एकच उभं राहणं, एकच स्विंग. आपल्यासारख्यांना सोपं नाही का?

बंकरवासी

त्यावर जिंकला की त्याच्या ताकदीवर, हे ठरवणं अवघड. आपल्यासारख्यांचं काय होतं ते ऐकलंय : लांब नंबरवाल्या आयर्नचं अंतर कमी पडतं आणि वेज विनाकारण लांब जातो. मारून बघितल्याशिवाय घेऊ नकोस.

पहिलाच_सेट

नमस्कार. सगळं वाचलं, डोकं गरगरलं. वय ३८, उंची सहा फूट एक इंच, ड्रायव्हिंग रेंजवर नियमित जातो, कोर्सवर नुकताच जायला लागलो. बजेट ४० हजार. काय करू?

लाँचअँगल

एवढ्या पैशांत फिटिंगसकट नवा चांगला सेट बसणार नाही, म्हणून नाइलाजाने बंकरवासींच्या बाजूला जातो. सेकंडहँड घ्या, पण उंचीमुळे लाय अँगल (शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन) आधी तपासा. चेंडूवर मार्करने उभी जाड रेघ काढा, रेघ फेसकडे ठेवून मारा, फेसवर ठसा उमटेल. ठसा सरळ उभा असेल तर ठीक. तिरका असेल तर लाय तुम्हाला जुळत नाही. क्लब जास्त उभा असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो, जास्त आडवा असेल तर उजवीकडे, आणि माणूस वर्षभर स्विंगला दोष देत बसतो. फोर्ज्ड मऊ स्टीलचा क्लब अंश-दोन अंश वाकवून मिळतो. कास्ट (साच्यात ओतलेल्या) स्टेनलेसला जास्त हात लावायला कारागीर तयार होत नाहीत. पिंगचा घेतलात तर हेडवरच्या रंगीत टिंबावरून लाय कळतो, काळं टिंब म्हणजे स्टँडर्ड.

बंकरवासी

आणि सहापासून पिचिंगपर्यंतच घ्या. चार-पाच नंबर विकणारा गळ्यात मारेल, ते बॅगेत ठेवू नका, एक हायब्रिड घ्या. पिचिंगचा लॉफ्ट विचारा. ४५-४६ निघाला तर ५० आणि ५६ असे दोन वेज पुरतात. ४१-४२ निघाला तर तीन लागतील, तो खर्च आधी धरा. ४० हजारांतले निदान दहा कोचसाठी बाजूला.

मालविका_कोथरूड

शाफ्ट रेग्युलर, म्हणजे स्टिफपेक्षा नरम. रेंजवर जोरात जातो म्हणून स्टिफ घ्यायचा मोह होईल, दुकानदारही कौतुक करेल. अठराव्या होलवर तो जोर राहतो का ते बघा.

कर्नल_निवृत्त

जुन्या सेटच्या ग्रिप पहिल्या दिवशी बदला. मुंबईच्या दमटपणात चकचकीत झालेली ग्रिप हातात आवळून धरावी लागते, आणि आवळली की बाकी सगळी चर्चा फुकट. सहा फूट एक म्हणजे पंजा मोठा असणार, मिडसाइज बसवून घ्या.

बाकी मी अजूनही म्हणतो, एक ब्लेड सात नंबर सरावासाठी जवळ असू द्या.

लाँचअँगल

साहेब, नका हो बिघडवू त्याला.