डॉज किंग्जवेचं सहा सिलिंडरचं इंजिन: जुने स्पीड पार्ट घ्यायचे तर आधी कुठला?

डॉजवाला, निपाणी

नमस्कार मंडळी. आमच्याकडं १९५१ ची डॉज किंग्जवे आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेली. आजोबांनी तंबाखूच्या धंद्यातून घेतलेली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात, त्यामुळं नोंदही तिकडचीच. पुढं पेट्रोल महागलं तेव्हा अशा बहुतेक गाड्यांच्या पोटात मॅटाडोरची डिझेल इंजिनं गेली. आमच्या आज्जीनं मात्र या गाडीला हात लावू दिला नाही, म्हणून मूळचं साइड व्हॉल्व्ह सिक्स (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, सिलिंडरच्या बाजूला असलेलं सहा सिलिंडरचं इंजिन) अजून शाबूत आहे.

प्रश्न असा की तवंदी घाटात ही टॉपला दम टाकते, सेकंडला घ्यावीच लागते. परदेशातले लोक याच इंजिनाचे जुने स्पीड पार्ट, म्हणजे जोर वाढवायला बाहेरून लावायचे भाग, विकायला काढतात: एडमंड्सचं दोन कार्बोरेटरचं इनटेक, फेंटनचे दुहेरी एक्झॉस्ट, वर गार व्हायच्या पात्या (पंखे) असलेलं अॅल्युमिनियमचं हेड. माझ्या खिशात यातल्या एकाचेच पैसे आहेत. हेड इतकं देखणं दिसतं की नजर हटत नाही. काय घेऊ?

पॅटर्न शॉप, बेळगाव

ओ भाऊ, बाहेरून मागवून पैसे कशाला घालवायलाय? तुमचं जुनं हेड घेऊन इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत या. तेच पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) म्हणून वाळूत दाबायचं, वरनं पंखे लावायचे आणि अॅल्युमिनियम ओतायचं. गावात एवढ्या फौंड्र्या आहेत की.

लेथवाले काका, उद्यमबाग

पॅटर्नवाल्या पोरा, तू पॅटर्न शॉपात बसून असं बोलतोस म्हणजे कमाल आहे. तयार हेड वाळूत दाबून ओतलंस तर आलेला जॉब मूळ मापाचा राहील का? अॅल्युमिनियम गार होताना सुमारे १.३ टक्के आखडतं. २५ इंची हेडला ते जवळजवळ ८ मिलिमीटर होतात. स्टडची भोकं नंतर ड्रिल करशील, मान्य. पण पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरची चेंबर बोअरवरून, म्हणजे सिलिंडरच्या भोकावरून, सरकलेली असतील, पाण्याच्या वाटा गॅस्केटशी जुळणार नाहीत, त्याचं काय? करायचंच तर आखडणं धरून नवं पॅटर्न आणि आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचे वेगळे कोअर करावे लागतील. एका हेडसाठी तो खर्च परवडत नाही. इनटेक मॅनिफोल्ड मात्र गावात सुखानं ओतून मिळेल.

आता निपाणीकर. हेड मागवण्याआधी टेप घ्या आणि आत्ताच्या हेडची लांबी मोजा. क्रायस्लरवाल्यांनी हे साइड व्हॉल्व्ह सिक्स दोन लांबींत काढलं. सगळे त्यांना २३ इंची आणि २५ इंची म्हणतात. हेडचं प्रत्यक्ष माप त्याहून थोडं जास्त भरतं. अमेरिकन प्लिमथ-डॉजना आखूड ब्लॉक, कॅनडात ओतलेल्यांना आणि मोठ्या क्रायस्लर-डिसोटोंना लांब. एकाचं हेड किंवा मॅनिफोल्ड दुसऱ्याला बसत नाही. आपल्याकडच्या गाडीत मागच्या पन्नास वर्षांत कुणी कुठल्या ट्रकचं इंजिन घातलंय, देव जाणे. म्हणून कागदावर जाऊ नका, टेपवर जा.

दुसरं, घाटात दम टाकते म्हणता, तर आधी सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. आकडे एकमेकांपासून दहा पौंडांच्या आत असले तरच स्पीड पार्टची भाषा. आणि पाण्याची नळी बघा. वॉटर पंपाच्या मागं, ब्लॉकच्या आत, पुढून मागपर्यंत पत्र्याची चपटी नळी असते. तिला खाचा असतात आणि त्यांतून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर जातं. ही गंजून खलास झाली की पाणी पुढच्या पुढं फिरतं, मागचे दोन सिलिंडर तापतात आणि घाटात इंजिन मरगळतं. टेंपरेचरचा काटा काही बोलत नाही, कारण तो मोजतो एकाच ठिकाणचं. नळी तशीच ठेवून वर दोन कार्बोरेटर चढवणं म्हणजे उपाशी बैलाला नवी झूल.

आता तुमच्या तीन वस्तू. एकच घ्यायची तर एक्झॉस्ट घ्या. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ आहे. पुढचे तीन आणि मागचे तीन वेगळे काढले की प्रत्येक पाइपात धुराचे धक्के बरोबर २४० अंशांच्या अंतरानं येतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. आवाज तर असा येतो की लोक वळून बघतात.

हेडच्या पैशात मी तुमचं मूळचं बिडाचं हेडच ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फेस करून, म्हणजे घासून, देईन. कारखान्यातून कॉम्प्रेशन ७ ला १ होतं, ते साडेसातच्या वर जाईल. आजच्या पेट्रोलला ते काहीच नाही. फार मात्र घासायचं नाही. साइड व्हॉल्व्हमध्ये हवा व्हॉल्व्हकडून बोअरकडं हेडच्या छताखालून आडवी जाते, तीच वाट अरुंद केली तर कॉम्प्रेशनमध्ये कमावलेलं श्वासात गेलं. फेस केल्यावर व्हॉल्व्हवर कणकेची गोळी ठेवून, जुनं गॅस्केट टाकून हेड आवळा आणि हातानं इंजिन फिरवा. गोळी किती दबली ते कळेल.

दोन कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. मूळ रचनेत इनटेकचा तळ एक्झॉस्टवर टेकून गरम होतो. फेंटन आणि एडमंड्स दोन्ही लावलं की ती ऊब गेली. आपल्या जुलैत, विशीतलं तापमान आणि भिजलेली हवा असताना, कार्बोरेटरच्या गळ्यात चक्क बर्फ धरतो. चोर्ला घाटाच्या धुक्यात बंद पडलात तर म्हणाल काकांनी सांगितलं नाही. लावायचेच तर इनटेकच्या तळाला रेडिएटरचं गरम पाणी फिरवायची सोय करा. जेटही (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) थोडे मोठे लागतील, कारण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल या जुन्या कार्बोरेटरना पातळ पडतं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी डायफ्रामही इथेनॉल सोसणारा घाला. चिकोडी-अथणीचा ऊस आपलाच, पण रबर त्याला ओळखत नाही.

आणि खरा स्पीड पार्ट पाहिजे असेल तर लष्कराच्या भंगारात युद्धकाळातल्या डॉजचं २३० घन इंचाचं इंजिन शोधा. तुमचं २१८ चं आणि ब्लॉक आखूड निघाला तर २३० चा क्रँक आणि कनेक्टिंग रॉड दोन्ही मिळून त्यात बसतात. स्ट्रोक पाव इंचानं वाढतो. घाटात जोर त्यानं येतो, चकचकीत हेडनं नव्हे.

कागदपत्रं, चिकोडी

एक लक्षात ठेवा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करायची तर ती मूळ रूपात पाहिजे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी २० हजार आहे, पण आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तेव्हा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कापून वेल्डिंग करू नका. बोल्टनं लागेल आणि बोल्टनं निघेल असंच काय ते लावा, मूळचं तेल लावून माळ्यावर ठेवा.

जुना शेवरोले ट्रक, संकेश्वर

काका, माझं २१६ शेवरोले सिक्स आहे. त्यालाही फेंटन मिळतात म्हणे. लावू काय?

लेथवाले काका, उद्यमबाग

एक्झॉस्ट लावा, पण पाय हलका ठेवा. २१६ च्या रॉडना ओतलेलं बॅबिट (बेअरिंगचा मऊ धातू) असतं आणि तेल प्रेशरनं नाही, रॉडच्या चमच्यांनी उडून मिळतं. जास्त फेऱ्यांना ते बॅबिट टिकत नाही. वेगाची हौसच असेल तर १९५४ नंतरचं २३५ शोधा. त्यात बदलता येणारे वेगळे शेल बेअरिंग आणि सगळीकडं प्रेशरचं तेल आहे. डॉजला हे दुखणं नाही, त्याचा खालचा भाग पहिल्यापासून दणकट.

डॉजवाला, निपाणी

काका, मोजलं. आखूड ब्लॉकच निघाला. इंजिन नंबरही पी अक्षरानं सुरू होतो, म्हणजे प्लिमथचंच. कॉम्प्रेशन पुढच्या चारचं सारखं, पाच आणि सहाचं पडलेलं. रेडिएटर आणि पंप काढून नळी ओढली तर वीतभर तुकडा हातात आला, बाकीची आत.

लेथवाले काका, उद्यमबाग

पाच आणि सहा म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह जळलेत, हेड काढावंच लागेल. नळीला पक्कड लावू नका, पत्रा आणखी फाटेल. पाव इंची सळईचं टोक तापवून छोटा आकडा वाळा, नळीच्या वरच्या खाचेत अडकवा आणि सळईवर सरकतं वजन घालून बाहेरच्या बाजूला हळूहळू ठोके द्या. आधी रात्रभर डिझेल आणि ऑइल सोडून ठेवा. निघाली की ब्लॉकमधला गाळ पाण्याच्या जोरानं धुवा. नवी नळी पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या, बाहेर तयार मिळते. फेंटनच्याच पार्सलात मागवा म्हणजे भाडं एकदाच पडेल. हेड घेऊन याल तेव्हा जुना तुकडाही आणा, खाचांची मापं त्यावरून पडताळून बघू.