मदत हवी आहे : सराफ देवाची मूर्ती गहाण घेतात का? (लघुपटासाठी)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे मित्र रशियन लेखक दस्तयेव्हस्कीच्या 'क्रोत्काया' या कथेवरून पंचवीसेक मिनिटांचा मराठी लघुपट करतोय. पैसे पदरचे, कॅमेरा भाड्याचा. कथा १८७६ची, पीटर्सबर्गमधल्या एका सावकाराची. त्याच्या कोवळ्या बायकोने खिडकीतून उडी घेतलीय आणि तो तिच्या प्रेताशेजारी येरझारा घालत 'हे असं का झालं' ते स्वतःशीच जुळवत बसलाय. आम्ही ही कथा आजच्या तालुक्याच्या गावात आणलीय. पुढे दुकान, मागे घर. मूळ कथेत मुलगी सोळाची आहे, आम्ही एकवीसची केली.

अडलोय ते एका वस्तूपाशी. लग्नाआधी ती मेरीमातेची घरातली तसबीर गहाण टाकायला आणते. तसबिरीला वरून चांदीचं कोंदण. सावकार म्हणतो, कोंदण तेवढं ठेव, तसबीर घरी ने. मग स्वतःच बेत बदलतो : नको, काढत नाही, माझ्या देवांपाशी दिव्याखाली ठेवतो, दहा रूबल घेऊन जा. ती म्हणते, पाचच द्या, मी सोडवून नेणार आहे. त्या पाच रूबलांत ती मुलगी अख्खी उभी राहते. शेवटी उडी घेतानाही तीच तसबीर तिच्या छातीशी असते.

पहिल्या खर्ड्यात मी आईचं मंगळसूत्र घातलं होतं. ते काढलं, कारण मग सगळा प्रसंग सोन्याचा होतो, देव जातो. नंतर कुलदैवताचा चांदीचा टाक घेतला, पण टाक म्हणजे एकच पत्रा, त्यातून काय वेगळं काढणार? आता डोक्यात आहे ती आईला माहेरून मिळालेली अन्नपूर्णा, मागे चांदीची प्रभावळ. 'प्रभावळ ठेवा, देवी घरी न्या' हे वाक्य आपल्याकडचा सराफ म्हणेल असं वाटतं. पण मी सराफाच्या घरातला नाही.

म्हणून ज्यांच्या घरी सराफी किंवा परवान्याची सावकारी आहे त्यांना विचारतोय. पूजेतली मूर्ती गहाण घेतात का? नाही म्हणायचं तर गिऱ्हाइकाला कुठल्या शब्दांत सांगतात? घेतलीच तर तिजोरीत इतर दागिन्यांबरोबर ठेवतात की वेगळी? पावतीवर 'अन्नपूर्णा' लिहितात की नुसतं 'चांदीची वस्तू' आणि वजन?

दुसरी अडचण नवऱ्याच्या स्वगताची. फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँने १९६९मध्ये सिनेमासाठी ही कथा पॅरिसमध्ये आणली तेव्हा नवऱ्याला मोलकरणीशी बोलतं केलं. मणी कौल यांचा 'नजर' (१९९०) हा चित्रपट हीच कथा मुंबईत आणतो, नवरा शेखर कपूर. आमच्या नवऱ्याने कुणाशी बोलावं? तिची मावशी रात्रभर प्रेताजवळ बसलीय, असं एक सुचलंय. पण ऐकणारं माणूस समोर आलं की तो सारवासारव करायला लागतो, आणि कथेत तर तो हळूहळू खऱ्याकडे सरकतो. नाटकवाल्यांनी यावर जरूर लिहा.

कॉपीराइटची काळजी नको, लेखक १८८१मध्येच वारले आणि संहिता आमची आम्ही लिहितोय.

शूटिंग दिवाळीनंतर आहे. कुणाकडे गहाणाची जुनी पावती असेल तर नाव-पत्ता झाकून फोटो टाकाल का? रकाने कसे असतात तेवढं पाहायचंय.