मदत हवी आहे: १४ महिन्यांची मुलगी, बसायची ती आता कलंडते, सीडी४ मात्र ११००

साजिरी
विकास-तपासणीत आलेल्या एका बाळाबद्दल विचारायचं आहे. मुलगी, १४ महिने, वजन ७.२ किलो. आईला एचआयव्ही आहे, अंगावरचं दूध अजून चालू. सहाव्या आठवड्यातली पीसीआर (विषाणू थेट शोधणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह होती. बाराव्या महिन्यात अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तेव्हा "आईच्याच अँटिबॉडी असतील, १८ महिने झाले की पुन्हा करू" असं सांगितलं गेलं.

नवव्या महिन्यात ती आधाराशिवाय बसायची, बाबा-दादा असे आवाज काढायची. आता बसवली की कलंडते. आवाज जवळजवळ बंद झालेत, पण नावाने हाक मारली की वळून बघते. उभी धरली तर चवड्यांवर येते आणि दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. ताप, उलट्या, झटके नाहीत. डोक्याचा घेर नवव्या महिन्यात ४३.० सेंमी होता, आज ४३.२. सीडी४ (संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी) ११००, एकूण लिम्फोसाइट (ज्यात या पेशी मोडतात त्या पांढऱ्या पेशी) ६१००.

सीडी४ इतका चांगला असताना हा मेंदूवरचा परिणाम असू शकतो का? आणि १८ महिन्यांपर्यंत थांबायचं का?

निरंजन१२
थांबायचं नाही. आज पीसीआरला रक्त पाठवा.

सहाव्या आठवड्यातला निगेटिव्ह रिपोर्ट गर्भातला आणि प्रसूतीच्या वेळचा संसर्ग जवळपास नाकारतो. त्यानंतर दुधातून झालेल्या संसर्गाबद्दल तो काहीच सांगत नाही. दूध चालू आहे तोवर धोका चालू आहे, आणि दूध सुटल्यावरही शेवटची तपासणी लागतेच. वारेतून आलेल्या आईच्या अँटिबॉडी १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात हे खरं. पण ते कारण निरोगी दिसणाऱ्या बाळासाठी ठीक आहे. आलेलं कौशल्य गमावणाऱ्या बाळाला त्या वाक्यावर परत पाठवणं चूक आहे.

पीसीआरचा रिपोर्ट यायला वेळ लागणार असेल तर लक्षणांच्या आधारावर एआरटी (एचआयव्ही दाबणारी औषधं) सुरू करता येते. एचआयव्हीमुळे होणारी एन्सेफॅलोपॅथी (मेंदूचा आजार) जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर टप्प्यात मोडते. पहिली पीसीआर पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी दुसरा नमुना घ्यायचा, पण औषध त्याच्यासाठी अडवायचं नाही. आईचा व्हायरल लोडही (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आजच करा. तिचा लोड दबलेला नसेल तर बाळाला संसर्ग कुठून झाला याचं उत्तर तिथेच मिळेल, आणि तिच्या औषधांकडे लगेच बघावं लागेल.

पिंपळपान
सीडी४ बद्दल. ११०० हा आकडा मोठ्या माणसाचा असता तर उत्तम होता. बाळांमध्ये लिम्फोसाइट मुळातच भरपूर असतात, निरोगी तान्ह्या बाळाचा सीडी४ ३००० च्या घरातही असतो. म्हणून पाच वर्षांखाली टक्केवारी बघतात. ११०० ला ६१०० ने भागा: १८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात ११ महिन्यांपर्यंत २५, १२ ते ३५ महिन्यांत २०, आणि ३६ ते ५९ महिन्यांत १५ टक्क्यांखाली आकडा गेला की प्रतिकारशक्ती तीव्र खालावलेली मानतात. म्हणजे ही मुलगी 'चांगल्या' नव्हे, सगळ्यात वाईट गटात आहे.

मोठ्या माणसात संसर्गानंतर काही महिन्यांत शरीर विषाणूला थोडाफार आवर घालतं. बाळाच्या बहुतेक टी-पेशी अजून कशाशीच न लढलेल्या असतात, त्यामुळे व्हायरल लोड लाखांत चढतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचंही बिनसतं: रक्तात एकूण इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे सगळ्या अँटिबॉडी मिळून) वाढलेलं दिसतं, पण न्यूमोकॉकससारख्या जंतूवर नेमका चालणारा अँटिबॉडी तयार होत नाही. 'ग्लोब्युलिन भरपूर आहे' या रिपोर्टवर म्हणूनच विसंबू नये. तोच घोळ लसींचा, घेतलेली लस मुरलेली असेलच असं नाही.

को-ट्रायमॉक्साझोल (संसर्ग टाळण्यासाठीचं औषध) चालू आहे का? एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला ते चार ते सहा आठवड्यांपासून द्यायचं असतं आणि संसर्ग नाही हे पक्कं ठरेपर्यंत बंद करायचं नसतं. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (ते औषध टाळतं तो फुप्फुसाचा संसर्ग) तान्ह्या बाळाला सीडी४ बरा दिसतानाही गाठू शकतो.

मेधा_र
आता मेंदूबद्दल. तुमच्या वर्णनात एचआयव्ही एन्सेफॅलोपॅथीच्या तिन्ही खुणा आहेत: आलेली कौशल्यं जाणं, दोन्ही बाजूंना सारखा ताठरपणा, आणि डोक्याची वाढ थांबणं.

घेराकडे नीट बघा. ४३.२ हा आकडा तक्त्यावर अजून खालच्या रेषेच्या वर आहे, म्हणूनच तो कुणाला खटकला नसेल. पण या वयात पाच महिन्यांत साधारण दीड सेंमी वाढ व्हायला हवी होती, झाली ०.२. एकट्या आकड्याने हे कळत नाही, दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. न ताणणारी टेप, पुढे भुवयांच्या वर, मागे डोक्याचा सर्वांत बाहेर आलेला भाग; तीनदा मोजून मोठा आकडा लिहा. वेणी किंवा टोपीवरून मोजलेला घेर फसवतो.

विषाणू मेंदूत शिरतो तो रक्तातल्या मोनोसाइट पेशींमधून. तिथे तो मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींमध्ये वाढतो. चेतापेशींना तो थेट धरत नाही. संसर्ग झालेल्या पेशींमधून सुटणारी प्रथिनं आणि दाहक द्रव्यं त्यांना मारतात. बाळाचा मेंदू तेव्हा जोडण्या तयार करत असतो, म्हणून मोठ्यांपेक्षा नुकसान जास्त आणि लवकर होतं. कधी कधी ही मुलाच्या आजाराची पहिलीच खूण असते, सीडी४ फारसा उतरण्याआधीची. बोलणं समजण्यापेक्षा स्वतः बोलणं आधी जातं. हाकेला वळते पण आवाज नाही, हे त्यात बसतं.

तरीही बाकीची कारणं नाकारल्याशिवाय शिक्का मारू नका. टीबीचा मेंदूज्वर सर्वांत आधी: घरात खोकणारं कुणी आहे का विचारा, छातीचा एक्स-रे काढा, गरज वाटली तर पाठीतलं पाणी तपासा. सीएमव्ही (एक विषाणू), थायरॉइड, बी१२ हेही बघावं. एमआरआय किंवा सीटीत मेंदू आकसलेला आणि बेसल गँग्लियात (मेंदूच्या आतल्या खोल भागात) कॅल्शियम साठलेलं दिसू शकतं (कॅल्शियम सीटीत जास्त स्पष्ट दिसतं). स्कॅन नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं नाही.

पुढे ताप, उलट्या, गुंगी, झटके किंवा एकाच बाजूची कमजोरी दिसली तर ते या आजाराचं नेहमीचं रूप नव्हे. त्याच दिवशी दाखल करा.

साजिरी
खूप आभार. १८ टक्के आहे हे लक्षातच आलं नव्हतं. पीसीआर आणि आईचा लोड आजच पाठवते. औषध सुरू झालं तर घरच्यांना काय सांगायचं?

निरंजन१२
डोस तिचे डॉक्टर ठरवतील, पण गणित तुम्हालाही माहीत असावं. ६ ते ९.९ किलोला डोल्युटेग्राविरच्या पाण्यात विरघळणाऱ्या १० मिग्रॅच्या गोळ्या दिवसातून एकदा दीड, आणि अबाकाविर-लॅमिव्हुडिनच्या १२०/६० मिग्रॅच्या गोळ्याही दीड. १० किलो झाले की दोन्हीच्या दोन-दोन. गाडी नेमकी इथेच चुकते: बाळ औषधाने वजन घेतं आणि डोस जुनाच राहतो. दर भेटीला वजन.

गोळी स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा, अर्ध्या तासात द्या, तळाशी राहिलेलं पुन्हा थोडं पाणी घालून पाजा. लोह किंवा कॅल्शियमचं टॉनिक चालू असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर ते पोटातच बांधलं जातं. टीबीसाठी रिफाम्पिसिन लागलं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा. टीबीचा मेंदूज्वर निघाला तर मात्र एआरटी काही आठवडे मागे ठेवतात, म्हणून तो प्रश्न आधी सोडवा.

पहिल्या काही आठवड्यांत ताप किंवा बीसीजीच्या बाजूच्या काखेत गाठ आली तर घरचे घाबरून औषध बंद करतात. प्रतिकारशक्ती जागी होताना असं होतं. दाखवायला आणा, पण औषध स्वतःहून थांबवू नका, हे आधीच सांगून ठेवा.

मेधा_र
व्यायाम औषधाची वाट न बघता सुरू करा. रोज पोटऱ्या आणि मांड्यांच्या आतल्या स्नायूंना हळू ताण, मांड्या फाकवून बसवणं, घोट्याला स्प्लिंट. चवड्यांवर उभं करून 'चालायला शिकवणं' आणि वॉकर दोन्ही टाळा, त्याने ताठरपणा पक्का होतो. विषाणू दबला की घेर पुन्हा वाढू लागू शकतो, आवाज परत येऊ शकतात. पायांचा ताठरपणा थोडाफार राहण्याची शक्यता घरच्यांना आत्ताच सांगा.

आणि बोलण्याचं खापर मेंदूवर फोडण्याआधी ऐकण्याची चाचणी करा. हाकेला वळते म्हणजे दोन्ही कान पूर्ण चालतात असं नाही, आणि या मुलांमध्ये कान फुटणं वारंवार होतं.