एमजीबीच्या पुढच्या बंपरचे सपोर्ट कुठला कुठे? (सांगली)

वखारभागवाला

रामराम मंडळी. गाडी १९६६ ची एमजीबी, विलायती (ब्रिटिश) स्पोर्ट्स कार, चेसी नंबर जीएचएन३ ने सुरू होणारा, म्हणजे क्रोम बंपरचीच. मामांची. मामा गेले आणि गाडी माझ्याकडे आली ती निम्मी चाकांवर, निम्मी पोत्यात. मामांची शिस्त अशी की काढलेल्या प्रत्येक वस्तूला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. पण २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या गॅरेजात छातीएवढं पाणी चार दिवस हललं नाही. चिठ्ठ्यांचा लगदा झाला, सुतळ्या तेवढ्या राहिल्या.

बंपर सरळ आहे, दोन्ही ओव्हररायडर (बंपरवरचे उभे ठोकळे) आहेत. मागच्या बंपरचं सगळं सामान गाडीवरच आहे, त्यामुळे तो घोळ नाही. पोत्यात पाच तुकडे निघाले. दोन जाड, वाकवलेल्या पट्ट्या. दोन पातळ ब्रॅकेट. आणि एक आडदांड, मागून नट वेल्ड केलेला. डावा कुठला, उजवा कुठला, आणि हा पाचवा कोण? गाळ धुऊन काढलाय, गंज वरवरचाच आहे.

मिरज_बुलेट

कशाला डोकं खपवताय? सगळं भंगारात घाला. ३५ चा अँगल आणा, कापा, भोकं पाडा, वेल्डिंग मारा. दोनशे रुपयांत काम. आमच्या जीपला असंच केलंय.

सातारी_पाना

जीपला चालतं, भाऊ. इथं क्रोमचा बंपर आहे, जरा ओढाताण झाली तर क्रोमला तडे जातील.

वखारभागवाले, आधी आटे बघा. एमजीबीला यूएनएफ आटे असतात, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. ५/१६ च्या बोल्टला अर्धा इंची पाना लागतो. आपला १३ नंबर त्यावर बसतो, पण किंचित ढिला, जोर लावला की डोकं गोल करतो. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे एम८ चा, म्हणजे आपला ८ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना अगदी तसाच दिसतो. पण यूएनएफला इंचात २४ आटे आणि एम८ ला जेमतेम २०. त्या पाचव्याच्या नटात साधा एम८ बोल्ट हातानं फिरवा. दोन आट्यांत अडकला तर सामान विलायती. सरसर शेवटपर्यंत गेला तर तुकडा दुसऱ्याच गाडीचा. पान्यानं रेटू नका, आटे जातील.

योग्य बोल्ट हवे असतील तर ट्रॅक्टरच्या स्पेअरवाल्याकडे विचारा. जुन्या मॅसीला यूएनएफ लागतात, सांगलीत मिळायला अडचण नको.

कुपवाड_टर्नर

चाळीस वर्षं लेथवर काढली, म्हणून सांगतो. जाड पट्टी म्हणजे वजन पेलणारी, ती चेसीच्या टोकाकडून बंपरला धरते. ती स्प्रिंग स्टीलची असू शकते. न दिसणाऱ्या कडेला ग्राइंडर नुसता टेकवा. ठिणग्यांना दाट फुलं फुटली तर कार्बन जास्त. लांब साध्या रेघा आल्या तर माइल्ड स्टील. फुलं फुटली तर तिला गॅसनं तापवू नका, पाणी उतरेल, म्हणजे कडकपणा जाईल. वाकडी असली तर थंडीच प्रेसमध्ये सरळ करायची. पातळ ब्रॅकेट बंपर थरथरू नये म्हणून, त्याच्यावर बंपर टांगायचा नाही.

डावं-उजवं ओळखायला दोन्ही तुकडे नमस्काराला तळहात जोडतो तसे समोरासमोर धरा. कडेला कड, भोकाला भोक आलं तर जोडी. वाट्यांसारखे एकात एक बसले तर दोन्ही एकाच बाजूचे.

आणि सुतळ्या राहिल्या म्हणता, त्यांच्या गाठी बघितल्यात का? आमच्या वर्कशॉपात चिठ्ठीवर भरवसा नसायचा, तेल लागलं की अक्षर गायब. गाठी मारायचो.

वखारभागवाला

काका, तुम्हाला एकदा घरी जेवायला बोलवायला पाहिजे.

दाराची दोन हँडलं पोत्यात होती, ती कुठल्या दाराची ते कळतं. डाव्याच्या सुतळीला एक गाठ, उजव्याच्या दोन! इतकी वर्षं त्या सुतळ्या मी नुसत्या कापून टाकत होतो.

जाड पट्ट्या जोडीच्या निघाल्या, गाठीही बरोबर. फुलं फुटली, म्हणून गॅसवाल्याला परत पाठवला. पाचव्याला सुतळीच नाही. एम८ शेवटपर्यंत गेला. मामांची प्रीमियर पद्मिनी गाडी होती, तिचा असणार.

गंमत पातळ ब्रॅकेटांची. नमस्कार जुळेना. वाट्यांसारखे एकात एक बसले. एकाला गाडीचा मूळ हिरवा रंग आहे आणि एक गाठ. दुसरा काळा, भोकांना बोल्ट लागल्याची खूण नाही, आणि गाठी दोन. म्हणजे मामांनी उजवा म्हणून मागवला, आला डावा, आणि त्यांनी उजवा म्हणूनच बांधून ठेवला. बसवायला गेले असते तर कळलं असतं.

सातारी_पाना

जाड पट्ट्यांवर बंपर चढवून बघा, बोल्ट सगळे ढिले ठेवून. दोन्ही बाजूंची फट सारखी आली की मग थोडं इकडं, थोडं तिकडं असं आवळा. उजव्यासाठी त्या नव्या डाव्याचा पुठ्ठ्यावर छाप काढा आणि पुठ्ठा उलटा करा. काकांकडून तसा बनवून घेता येईल.

कुपवाड_टर्नर

पुठ्ठा घेऊन या. वाकवण माझ्याकडे, भोकं गाडीवर मापून मगच पाडू.

वखारभागवाला

रविवारी येतो. दरम्यान कुणाकडे उजवा पडून असेल तर कळवा, बदल्यात कोरा डावा देतो. दोन गाठींसकट.